गोनताचा घसा

मी माइक बोलतोय. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आज जरा माझंही ऐका.

टोकियोतल्या एका स्टुडिओत मी एका पायावर उभा असतो, शेजारी माझे तीन भाऊ. कार्टूनमधल्या पात्रांना आवाज देणारी माणसं पडद्याकडे बघत आळीपाळीने आमच्यापुढे येतात, बोलतात आणि पाय न वाजवता मागे सरकतात. सळसळणारे कपडे इथे चालत नाहीत. उपाशी तर यायचंच नाही, कारण पोटातली गुरगुर मला आधी ऐकू येते. दिवेलागणीला आले तरी एकमेकांना ‘शुभ सकाळ’ म्हणतात, या धंद्याची रीतच ती. मला आता त्याचं काही वाटत नाही.

माझा जीव तोकिएबाईंवर. सत्तरी ओलांडलेल्या या बाई तीसेक वर्षं गोनता नावाच्या दहा वर्षांच्या पोराचा आवाज आहेत. त्यांचा नातू नोकरीला लागला, गोनता अजून चौथीत. तो कधी मोठा झाला नाही, कधी आजारी पडला नाही. आजारी पडल्या त्या बाई.

परवाच्या भागात गोनताचा कुत्रा, मामे, हरवला. नदीकाठाने गोनता “मामे! मामे!” ओरडत पळतो. बाईंनी जोर लावला आणि आवाज चिरकला. पुन्हा केलं, पुन्हा चिरकला.

“बाई, ओरडणं तेवढं हिओरी करेल,” काचेपलीकडून दिग्दर्शक निशिगाकी म्हणाले. “बाकी गोनता तुमचाच.”

बोलणं अगदी लोण्यासारखं. असल्या लोण्याची मला भीती वाटते. आज ओरडणं गेलं, तर उद्या हसणं जाईल आणि परवा गोनताच. बाईंचा चेहरा उतरला. कोपऱ्यातली नवी मुलगी, हिओरी, जागची हललीच नाही. “सर, मला नका ना सांगू,” ती पुटपुटली.

बाईंनी चष्मा वर सरकवला. “काय रे निशिगाकी, पोर सकाळपासून हाका मारतंय ना?”

“हो.”

“मग घसा बसणार नाही त्याचा? लोखंडाचा आहे का?”

“पण बाई, तोंड केवढं उघडलंय त्याने—”

“कुठलं तोंड? दाखव की मला!”

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. चित्रं नेहमीप्रमाणे वेळेत आलीच नव्हती. पडद्यावर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. गोनताला डोकं होतं, पाय होते, तोंडाचा पत्ता नव्हता. स्टुडिओभर हशा पिकला. निशिगाकीही हसले. “बरं, करा तुमच्या मनासारखं.”

बाई माझ्या अगदी जवळ आल्या. ओरडल्या नाहीत. बसक्या घशाने एवढंच म्हणाल्या, “मामे... घरी चल ना रे.”

माझ्या आतला पडदा थरथरला. थरथरणं हा माझा धंदाच, पण या वेळी मला फार भरून आलं. हिओरी रडत होती, तेही आवाज न करता. शिस्तीची पोर! काचेपलीकडे निशिगाकींनी फोन उचलून चित्रकारांना सांगितलं, “गोनताचं तोंड लहान काढा. ओठ जेमतेम हलू देत.”

बाई अजून किती दिवस येतील, ठाऊक नाही. त्यांचा श्वास आखूड होत चाललाय, हे सगळ्यांआधी मलाच कळतं. म्हणून चित्रकारांनो, एक विनंती आहे. उशिराबद्दल लोक तुम्हाला शिव्या घालतात, घालू देत. गोनताचं तोंड सगळ्यात शेवटी काढत जा. बाईंचं बोलून झाल्यावर.