गोण्या पाणी किती पितो

शुक्रवारी सकाळी साडेनऊलाच त्या बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर रांग लागायची आणि कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या टपरीपर्यंत पोचायची. रांगेत कुत्री असत, मांजरं असत, पिंजऱ्यात मान टाकून बसलेला एक पोपट असे. त्यांना घेऊन आलेल्या माणसांची तोंडं जनावरांपेक्षा केविलवाणी झालेली असत. आत 'मुक्यांचे बाबा' बसत. दुकान गुंडाळताना मागे राहून गेलेली एक भलीमोठी खुर्ची त्यांनी आसन म्हणून धरली होती, आणि तिच्या मागच्या पायाला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. जनावराच्या पोटाला कान लावायचा, डोळे मिटायचे, "हं, बोल बाळा, सगळं सांग," असं पुटपुटायचं आणि मग त्या मुक्या जिवाचं दुखणं अस्खलित मराठीत मालकाला ऐकवायचं, असा त्यांचा धंदा होता. पोपटाचंही दुखणं तेच सांगत, खरं तर त्याला बोलता येत होतं.

थोरली या रांगेत आईबरोबर नाइलाजाने उभी राहिली होती. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त नि लघवी काचपट्टीवर घेऊन बघणाऱ्या माणसाचा चमत्कारांवर फारसा विश्वास उरत नाही. पण आईला एकटीला कुत्रं उचलून आणणं जमण्यासारखं नव्हतं, आणि आई ऐकण्यासारखी नव्हती.

कुत्र्याचं नाव गोण्या. तिचा धाकटा भाऊ ज्या गोदामात कामाला होता, तिथे मागच्या बाजूला फाटक्या गोणीत कोणीतरी त्याला टाकून दिलं होतं. सडकं धान्य, प्लास्टिक, जे मिळेल ते खाऊन त्याचं पोट कायमचं बिघडलं होतं. धाकट्याने त्याला घरी आणलं, आणि दीड महिन्यानंतर गोदामातली मालाची मांडणी कोसळून धाकटा तिच्याखाली सापडून गेला. घरात उरल्या त्या दोघी आणि हे हगरं कुत्रं. आईच्या लेखी धाकट्याचं जे काही शिल्लक होतं ते एवढंच होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी जंत तपासले, रक्त तपासलं आणि सांगितलं की या पोटाला आता लाड सोसायचे नाहीत. बिनमिठाचा भात, उकडलेली कोंबडी, दिवसातून तीनदा थोडं थोडं, बाकी एक कणही नाही. थोरली रोज मोजून वाढत होती. तरी गोण्या वाळत चालला होता, फरशी रोज पुसावी लागत होती, आणि हे असं का होतंय ते तिला कळत नव्हतं.

त्यांची पाळी आली. बाबांनी गोण्याच्या पोटाला कान लावला, बराच वेळ लावला, आणि मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माई, याच्या पोटात अन्न टिकत नाही, कारण खाणारा हा नाहीच. खाणारा तुमचा मुलगा आहे. उपाशीपोटी घराबाहेर पडला ना तो, त्या दिवशी?"

आई तिथेच फरशीवर बसली. थोरलीच्याही अंगावर काटा आला, हे कबूल केलं पाहिजे. धाकटा त्या सकाळी न खाता गेला होता हे तिलाही माहीत नव्हतं, मग या माणसाला कोणी सांगितलं?

बाबांनी उपाय दिला. धाकट्याला जे जे आवडायचं ते रोज गोण्याच्या ताटलीत वाढायचं, आणि त्यावर बाबांची पांढरी पुडी टाकायची. पुडी दर शुक्रवारी न्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. चुकवली तर मुलगा रुसून निघून जाईल आणि जाताना कुत्र्यालाही नेईल.

खरं सांगायचं तर चमत्कार झाला. तिसऱ्या दिवशी गोण्याची शी बांधून आली. तो ताटली चाटूनपुसून लख्ख करू लागला, अंगावर मांस दिसू लागलं. आईने किती महिन्यांनी केस विंचरले. थोरलीने वाद घालायचं सोडून दिलं. आई हसते आहे, कुत्रं जगतं आहे, आपलं काय जातं, असं तिने मनाशी म्हटलं. शिकल्यासवरल्या माणसाने करायची जी चूक असते ती तिने केली.

दोन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की गोण्याच्या पाण्याचं भांडं दिवसातून पाच वेळा भरावं लागतंय. तो घरातच मुतू लागला होता, आणि त्यासाठी आई त्याला लडिवाळपणे रागवायची. त्याचं पोट खाली लोंबत होतं पण मागचे पाय काटकुळे झाले होते. पाठीवरचे केस हात फिरवला की हातात यायचे. बाबा म्हणाले, हा तर भरल्या पोटाचा समाधानी जीव, दृष्ट लावू नका.

मग आई तापाने फणफणली आणि एक शुक्रवार हुकला. पाचव्या दिवशी गोण्या ओकला आणि जिना चढताना मध्येच बसला तो उठेना. त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तापातच आई हात जोडून म्हणत राहिली, "मी चुकवलं, बाळा, माझ्यामुळे झालं हे. जाऊ नकोस."

थोरलीने त्याला चादरीत गुंडाळून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे होते आणि कमी बोलणारे. त्यांनी नुसता हात फिरवला आणि विचारलं, "पाणी किती पितो? आणि तुम्ही याला कसली गोळी देताय?"

"गोळी नाही, पुडी."

"पुडी म्हणा, गोळी म्हणा. बंद कधी केलीत?"

त्यांनी सलाइन लावलं आणि एक इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत गोण्याने मान उचलली. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे स्टेरॉइडचं काम आहे. शरीर स्वतःसाठी असंच एक द्रव्य रोज थोडं बनवत असतं. ते बाहेरून भरपूर मिळायला लागलं की शरीर बनवायचं थांबवतं, आणि मग बाहेरचं अचानक बंद झालं की जनावर कोसळतं. स्टेरॉइडने भूक खवळते, पोटाची सूज दबते, म्हणून बरं झाल्यासारखं दिसतं. योग्य वेळी, मोजून दिलं तर ते औषध आहे, मीही देतो. बाबा म्हणाले होते तो मुलाचा रुसवा हाच.

जुन्या पुड्यांच्या कागदांत उरलेली भुकटी झटकून थोरलीने ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पिठीसाखरेच्या ढिगात एक तुकडा नीट कुटला गेला नव्हता. त्याची एक कड गोल होती आणि वरून सरळ रेघ गेली होती, गोळी अर्धी मोडण्यासाठी असते तशी. बाकीची भुकटी तिने औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवली, तिथला अहवाल बारा दिवसांनी आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच त्यात लिहिलं होतं.

आता राहिलं होतं धाकट्याचं उपाशी पोट. आईचा ताप उतरल्यावर थोरलीने तिला विचारलं, की धाकटा न खाता गेल्याचं तू कोणाला सांगितलं होतंस का.

"कोणाला सांगणार? तुला पण नाही सांगितलं. भांडलो होतो आम्ही, मीच ताट उचललं त्याच्यासमोरनं." आईने पांघरूण ओढून घेतलं. "पहिल्या दिवशी तू गोण्याला जरा फिरवायला नेलंस, तेव्हा रांगेत एक बाई होती, जाडसर कुत्रं होतं तिच्याकडे. तिचा नवरा गेलेला. ती इतकी रडली, की माझ्या तोंडून निघून गेलं."

त्या जाडसर कुत्र्याची बाई थोरलीला आठवली. ती दर शुक्रवारी रांगेत असायची, दरवेळी नव्या माणसाशेजारी, आणि मध्येच "पाणी पिऊन येते" म्हणून दुकानाच्या मागच्या दाराने आत जायची. आई एवढंच सांगून थांबली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली की बाबांकडे जायच्या आधीपासूनच ती गोण्याला चोरून खायला घालायची. तळलेलं, गोड, मलई, धाकट्याला आवडायचं ते सगळं. थोरली मोजून वाढत होती आणि आई तिच्या पाठीमागे ताटली भरत होती. पथ्याने गुण येत नव्हता कारण पथ्य कधी झालंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी थोरली अहवाल घेऊन दुकानात गेली. भाषण वगैरे तिला येत नव्हतं. तिने रांगेकडे वळून एवढंच विचारलं, "ज्यांच्याकडे पुडी चालू आहे, त्यांचं जनावर पाणी किती पितं?"

कोणीतरी हसलं. मग एक रिक्षावाला म्हणाला, बादलीभर. त्याच्यामागची बाई म्हणाली, आमचंही. केस गळतात का, पोट लोंबतं का, असं विचारत ती पुढे गेली आणि रांगेतला आवाज कमी कमी होत गेला. बाबांनी आधी तिला शाप दिला, मग मुक्या जिवांची साक्ष काढली. पण साक्षीदार सगळे धापा टाकत पाण्याच्या भांड्याकडे बघत होते. जाडसर कुत्र्याची बाई मागच्या दाराकडे सरकली. थोड्या वेळाने खुर्ची रिकामी होती, किमतीची चिठ्ठी तेवढी हलत होती.

लोक खिशातून पुड्या काढून गटारात टाकू लागले, तेव्हा थोरली ओरडली, "फेकू नका. एकदम बंद केलीत तर मरतील. डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील." काहींनी ऐकलं. काही रागाच्या भरात होते, त्यांनी नाही ऐकलं. त्या आठवड्यात दोन कुत्री गेली, आणि त्यांचे मालक आजही सांगतात की बाबांचा शाप भोवला. रिक्षावाला त्यातलाच एक. थोरलीला तो रस्त्यात दिसला की तीच मान खाली घालते.

गोण्या जगला. त्याच्या गोळ्या कमी करत आणायला चार महिने लागले. पोट त्याचं पुरतं बरं होणार नाही, मोजका भात आणि मोजकी कोंबडी हे आता जन्माचं आहे.

आई वाटी हातात घेऊन ओट्याशी उभी राहते आणि मलईच्या भांड्याकडे बघते. एका संध्याकाळी तिने विचारलं, "हे सगळं खोटं होतं, कळलं मला. पण तो उपाशी गेला हे तर खरंच ना?"

थोरलीने तिच्या हातातली वाटी काढून घेतली. अंत्यविधीच्या दिवशी गोदामातला हमाल तिला बोलता बोलता म्हणाला होता, की धाकट्याने त्या दुपारी सगळ्यांच्या डब्यांत हात मारला, हमालाचा अर्धा डबा तर एकट्याने संपवला, नि 'आईला सांगू नका, ती म्हणेल घरचं आवडत नाही' म्हणून हसत होता. इतकं साधं बोलणं आईला काय सांगायचं, म्हणून ते तिने मनातच ठेवलं होतं.

तिने आता ते सांगितलं. आई पदराने तोंड पुसून म्हणाली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस, आई."

जे एका माणसाने दुसऱ्याला घरातल्या घरात विचारायचं होतं, ते त्यांनी एका खुर्चीवर बसलेल्या परक्याला विचारलं, आणि त्याने उत्तर म्हणून गोळी कुटून दिली. असे बाबा अजून पुष्कळ आहेत. ते येतील तेव्हा त्यांच्या पायाशी बसण्याआधी आपल्या जनावराचं पाण्याचं भांडं बघा, डॉक्टरांना विचारा, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या आपल्या माणसालाही विचारा. विचारायला कोणाचेही पाय धरावे लागत नाहीत.

थोरलीने वाटी आईला परत दिली. आईने भात मोजला, त्यावर काही घातलं नाही, आणि ताटली गोण्यापुढे ठेवली.