कधीच रिकामी न झालेली बरणी

आमच्या धाकट्याला कोणीतरी सांगा हो, की बरणीपुढे हात जोडून उभे राहू नये. रोज सकाळी दात घासून झाले की हा माझ्यासमोर येतो, डोळे मिटतो आणि पुटपुटतो. मग मऊ फडक्याने माझे पोट पुसतो, गळा पुसतो, झाकणाची बोंडीसुद्धा पुसतो. झाकण मात्र उघडत नाही. अरे, पोटात काय सडते आहे ते न बघता वरून किती आंघोळ घालशील? पण सांगायचे कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. चिनी मातीची, अंगाने तपकिरी, गळ्यापाशी पांढरी. शाळा मी पाहिली नाही, मी भट्टी पाहिली. माझ्याबरोबर आत गेलेल्या कितीतरी जणी तडकल्या, काहींची तोंडे वाकडी झाली. कुंभाराने मला बाहेर काढून टिचकी मारली, तेव्हा मी अशी खणखणले की तो दचकलाच. "ही टिकेल," तो म्हणाला, "पण ज्या घरात जाईल त्या घराचं काही खरं नाही." मला त्याचा अजून अभिमान आहे.

मी ज्या घरात आले त्या घरची बाई इस्पितळातल्या चादरी धुवायची. सगळी गल्ली तिला थोरली म्हणे. सोड्याने तिच्या बोटांची सालटे निघालेली असत. तिने मला चुलीच्या बाजूच्या फळीवर ठेवले आणि पहिल्याच दिवशी एक रीत घातली. कणीक भिजवण्याआधी एक मूठ पीठ माझ्यात टाकायचे. घरात पोती असोत नाहीतर डब्याचा तळ दिसत असो, पहिली मूठ माझी. "ही देवाची," ती म्हणायची. गल्लीतल्या ज्या बायकांच्या घरी बरे चालले होते, त्याही जाता-येता आपली मूठ आणून टाकत. शुक्रवारपर्यंत मी गळ्याशी येई.

आणि शनिवारी संध्याकाळी ती मला रिकामी करी. अगदी खरवडून. ज्याच्या घरी चूल थंड, तो वाडगा घेऊन येई. थोरलीचा नियमच होता, रविवारी उपासनेला जाताना बरणीत चिमूटभरही राहता कामा नये. "भरली बरणी घरी ठेवून देवापुढे कशी उभी राहू? तो म्हणेल, बाई, माझ्यावर भरवसा नाही वाटतं?"

एकदा पहारेकऱ्याची बायको वाडगा धरून रडायला लागली. "थोरल्या आई, सगळंच दिलंत. उद्या तुम्ही काय खाणार?"

"उद्याचं उद्या. ते बघणारा वर बसलाय, त्याला काही काम नको का? आणि रडायचं तर घरी जाऊन रड, पीठ ओलं करशील."

अशी होती बाई. आता तुम्हाला वाटेल, दर सोमवारी दारात पिठाचे पोते येऊन पडत असेल. मुळीच नाही. कधी कोणीतरी अचानक काही आणून देई, इस्पितळातला स्वयंपाकी उरलेले पाव बांधून देई. कधी काहीच येत नसे आणि सगळे घर पाणी पिऊन झोपे. थोरली तेव्हाही कुरकुर करत नसे. सोमवारी जे मिळे त्यातली पहिली मूठ पुन्हा माझ्यात पडे. देवावर भरवसा म्हणजे काय, ते मी तिच्या सोललेल्या बोटांतून शिकले.

पण तिचा हा धाकटा मुलगा! शनिवारी संध्याकाळी तो कायम बाहेर हुंदडायला. उपासनेहून आल्यावरही आधी खेळ, मग घर. त्याने मला जेव्हा जेव्हा पाहिले तेव्हा मी भरत आलेली किंवा भरलेली. रविवारी माझ्यावर झाकण असे, ते काढून बघायचे त्याला सुचले नाही; मला रिकामी त्याने कधी पाहिलेच नाही. आणि या शहाण्याने त्यावरून काय अर्थ काढावा? तर आमच्या घरातली बरणी कधी रिकामी होत नाही!

थोरली गेली. धाकटा लाकडाच्या वखारीत मुकादम झाला, घसा खाकरून बोलायला शिकला. एका रविवारी तो चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बंधुभगिनींनो, आम्ही गरीब होतो, पण माझ्या आईची बरणी देवानं एकदाही रिकामी होऊ दिली नाही." लोक गहिवरले. पाळकसाहेबांनी त्याचा हात हातात घेतला. पुढच्या आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. मग दुसऱ्या गावच्या मंडळीचे लोक आले. धाकट्याला बरणीदादा हे नाव पडले, आणि तो ते ऐकून फुगायचा. मी चुलीजवळून उठले आणि पुढच्या खोलीत, मेजावर जाऊन बसले.

आता साक्ष दिली म्हणजे ती खरी ठेवायला हवी. त्याने मला एकदाच काठोकाठ भरले आणि झाकण लावले. रोजची मूठ बंद. शनिवार बंद. वाडगे घेऊन आलेल्यांना तो मला लांबून दाखवी, त्यांच्यासाठी प्रार्थना करी आणि दारापर्यंत सोडायला जाई.

शेजारी एक शिवणबाई राहायची. नवरा नाही, मूल नाही, घरात फक्त आंधळी सासू. धाकट्याने तिच्याकडून माझ्यासाठी मखमलीचे आच्छादन शिवून घेतले, कडेने नाजूक वेल. ती कापड हातात घेऊन जरा घुटमळली, तर म्हणाला, "देवाचं काम आहे ताई. आशीर्वाद मिळेल." तिने शिवून दिले. तेव्हाच तिला खोकला होता. टाका घालताना ती तोंड बाजूला वळवायची, मखमलीवर थुंकी उडू नये म्हणून.

पुढे तो खोकला छातीत उतरला. मशीन बंद पडले. डॉक्टरांनी सांगितले, औषध नंतर, आधी पोटात काहीतरी जाऊ दे. म्हणून ती एका सकाळी वाडगा घेऊन आली. खांद्यावर सासूचा हात होता. खरे तर कोणी कोणाला धरले होते, ते कळत नव्हते.

"दादा, थोरल्या आई असताना कधी मागायची वेळ आली नाही. आज आलेय. दोन मुठी द्या. पाण्यात शिजवून घेईन."

आमची सूनबाई, धाकट्याची बायको, उठलीच होती. धाकट्याने तिला डोळ्याने बसवले.

"ताई, चोच दिली तो चारा देईल. ही बरणी बघा. माझ्या आईला देवानं कधी कमी पडू दिलं नाही. तुम्हाला पडू देईल?"

"अहो, मग यातलंच द्या ना थोडं," सूनबाई म्हणाली.

"वेडी आहेस का? रविवारी बिशपसाहेब बघायला येतायत. बरणी उणी दिसली तर?"

"मग घरच्या डब्यातलं देते."

"घरचं घरच्यांना, देवाचं देवाला. घर मी चालवतोय, तू नाही."

आणि मित्रांनो, त्याने शिवणबाईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लांबलचक, सुंदर. तिला उभे राहवत नव्हते, म्हणून ती माझ्या मेजाला धरून उभी राहिली. तिची बोटे त्या वेलावर होती, जो तिनेच काढला होता. माझ्या आत पीठ होते. तिच्या आत काही नव्हते. मध्ये फक्त एक झाकण. प्रार्थना संपली, ती "आमेन" म्हणाली, आणि रिकामा वाडगा पदराखाली झाकून गेली.

बिशपसाहेब आले. मला बघून खूश झाले.

शिवणबाई त्यानंतर आमच्याकडे आली नाही. दुसऱ्या कोणाच्या दारी जायला पायात बळ नव्हते. आणि देवाच्या बरणीच्या घरी प्रार्थना झाली म्हटल्यावर, तिचे भागले असेल असे धरून गल्लीही गप्प बसली. ती मशीनवर डोके ठेवून गेली. सासूला तिचा हात गार लागला, तेव्हा कळले.

आज दुपारी तिला पुरले. मातीहून परतलेली मंडळी आमच्याच पुढच्या खोलीत बसली होती. धाकटा सगळ्यांना धीर देत होता, "देवाची इच्छा. त्याच्यापुढे आपलं काय चालतंय?" सूनबाई आतून आली. तिने कोणाला विचारले नाही. मखमल ओढून जमिनीवर टाकली आणि माझे झाकण काढून परात पुढे धरली. पीठ पडेना. मग गोळेच्या गोळे पडले. जाळी धरलेले, करडे, आणि सगळे वळवळणारे. खोलीभर कुबट वास सुटला. एका बाईने नाकाला पदर लावला.

"सैतानाचं काम आहे हे!" धाकटा म्हणाला.

कोपऱ्यातून आंधळी सासू बोलली. "बरणीचं झाकण निघालं का? आत्ता आवाज आला. त्या दिवशी माझी सून माझ्यापुढे उभी होती, तेव्हा मी कान टवकारून होते. तेव्हा नाही वाजलं."

धाकटा परात उचलायला वाकला.

मित्रांनो, बरणीचे काम भरून घेणे आणि रिकामी होणे. जी फक्त भरते, तिच्यात किडे होतात. तुमच्या घरी कोणाच्या वाटणीचे काही झाकून ठेवलेले असेल तर या गोष्टीच्या शेवटासाठी थांबू नका. आधी उठा.

मला त्याच्याशी बोलायचे आहे. इतकी वर्षे तोंड असून गप्प बसले. आता याच्या घरात, चार लोकांत, खणखणून बोलते.

"ए बरणीदादा, इकडे बघ. सैतानावर घालू नकोस, त्याला तू असताना या घरात यायची गरज नव्हती. आणि देवाच्या नावावर तर मुळीच घालू नकोस. त्यानं तिचा चारा पाठवला होता. वेळेवर पाठवला होता, भरपूर पाठवला होता, तुझ्या हाताशी आणून ठेवला होता. तो विसरला नाही. तू झाकण झालास. आता रविवारी उभा राहा, घसा खाकर, डोळ्यांत पाणी आण आणि सांग लोकांना, आमची बरणी कधीच रिकामी झाली नाही. अगदी खरं सांगशील. रिकामी झाली नाही, म्हणूनच ती बाई मेली."