किशोर कपाटाचं गाऱ्हाणं

आमच्या हितेंद्रकाकांना पुस्तकं फार आवडतात, पण बंद असलेली. लालबागच्या आमच्या चाळीतल्या मंडळाचे ते सेक्रेटरी, आणि वाचनालयाची चावी त्यांच्याकडे. वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, जिथे पुस्तकांपेक्षा गणपतीच्या डेकोरेशनचे पडदेच जास्त आहेत.

यंदा मंडळाच्या डोक्यात आलं की पोरं दिवसभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात, तर त्यांच्यासाठी एक 'किशोर कपाट' करायचं. उद्घाटन दत्तजयंतीला. आणि कुठले कथासंग्रह ठेवायचे ते पोरांनीच सुचवायचं. पोरांनी म्हणजे मी. मी आकांक्षा, दहावीत आहे, आणि गोष्टी वाचणारी म्हणून चाळीत माझी पुरेशी बदनामी आहे.

मी जीव ओतून पाच संग्रह निवडले. दादरच्या दुकानात उभ्याउभ्याने प्रत्येकातलं थोडं थोडं वाचलं, दुकानदाराने हटकेपर्यंत. पण माणूस भला. पाचही पुस्तकं मंडळाला दाखवायला दिली, नको असतील ती दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी परत आणा म्हणाला.

हितेंद्रकाकांनी एकही न उघडता पाचही नापास केली. नुसतं मागचं कव्हर वाचून.

"भुतं नकोत. पोरं जिन्यात घाबरतील. ही घरातून पळणारी मुलगी पण नको, उद्या आमची पळेल. आणि हे प्रेमपत्र वगैरे तर अजिबातच नको."

"काका, ते पत्र चुकीच्या मुलाच्या दप्तरात जातं," मी म्हटलं.

"तरी लिहिलं ना?"

मग त्यांनी स्वतःची शिफारस काढली. संस्कारकथांचा एक संग्रह, त्याच्याच पंधरा प्रती. अक्षरं एवढाली मोठी, आणि पानापानावर ससा मोराला थँक्यू म्हणतोय. अकरावीतल्या निलेशला मिशा फुटल्यात, त्याने हे वाचायचं म्हणे.

मला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. कपाट आमचं, नाव आमचं, आणि आत ससे. एकदा ते कपाट सशांनी भरलं की एकही पोर तिकडे फिरकणार नव्हतं, आणि वर्षभराने हेच काका म्हणणार, बघा, हल्लीची पोरं वाचतच नाहीत.

घरी येऊन मी लवू आजोबांसमोर भरपूर रडले. आजोबांना चाळीत मोठा मान, कारण गाऱ्हाणं तेच घालतात. आमची चाळ निम्मीअधिक मालवणची, त्यामुळे नारळ फोडायच्या आधी देवासमोर गाऱ्हाणं व्हायलाच लागतं. आजोबा एकेक मागणं मोठ्याने म्हणतात, आणि बाकी सगळे हात जोडून, डोळे मिटून प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवासमोर दिलेला हा होकार फिरवायची कोणाची टाप नाही. फक्त मागणं काय होतं ते कोणी ऐकत नाही, तोंड आपोआप चालतं.

हे आठवलं आणि माझं रडू थांबलं.

"आजोबा, या वेळी गाऱ्हाण्यात माझ्या पुस्तकांचं पण घाला ना."

आजोबा पानाला चुना लावत होते. "देवाक फसवूचा नाय हां."

"देवाला कुठे फसवतोय? हितेंद्रकाकांना."

आजोबा गालात हसले. "बघतंय," म्हणाले.

दत्तजयंतीला संध्याकाळी सगळी चाळ तळमजल्यावर जमली. हितेंद्रकाका कडक इस्त्रीच्या कुर्त्यात सगळ्यांच्या पुढे. माझी पाच पुस्तकं परत पाठवायची म्हणून दोरीने बांधून कोपऱ्यात टाकलेली. आजोबांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज लेकरांसाठी ह्या जा कपाट मांडलेला आसा, ता मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"चाळीतल्या सगळ्यांका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा." काकांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आकांक्षान निवडलेली पाचय पुस्तकां ह्याच कपाटात रवांदेत."

"व्हय म्हाराजा."

"त्यात भुतां आसत, तीय सुखान नांदांदेत."

"व्हय म्हाराजा."

शेजारी नूपुर, माझी मैत्रीण, खुसखुसायला लागली. तिला मी चिमटा काढला. आजोबा मग नळाच्या पाण्यावर गेले, रिडेव्हलपमेंटवर गेले, कोणाकोणाच्या गुडघ्यांवर गेले. आनंदाने मला कसलं काय ऐकू येत नव्हतं. मी आपली प्रत्येक मागण्याला घसा फोडून 'व्हय म्हाराजा' म्हणत होते.

नारळ फुटला. काकांनी पुस्तकांचा गठ्ठा उचलला. "हे उद्या दादरला परत."

"अहो सेक्रेटरी, आता कसं परत?" शेजारच्या शकूमावशी म्हणाल्या. "तुम्हीच तर देवासमोर हो म्हणालात. सगळ्यात मोठ्याने."

"मी? कधी?"

आजोबांनी ती दोन्ही मागणी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवली. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"लवूकाका, ही चीटिंग आहे."

"मी फकत मागलंय. हो तू म्हटलंस."

काकांनी दत्ताच्या फोटोकडे पाहिलं, मग चाळीकडे. सगळे त्यांच्या हातांकडे बघत होते. शेवटी त्यांनी दोरी सोडली आणि पाचही पुस्तकं स्वतः कपाटात लावली. ससे एका कोपऱ्यात सरकले. मला इतकं भारी वाटलं की मी धावतच गेले आणि भुतांचं पुस्तक ओढून काढलं.

"थांब गो," आजोबा म्हणाले. "शेवटचा मागणा ऐकलंस?"

"कुठलं?"

"आकांक्षाची धाव्वीची परीक्षा होयपर्यंत तिना गोष्टीच्या पुस्तकाक हात लावूचो नाय. तूय व्हय म्हटलंस. ह्या कानांनी ऐकलंय."

मी नूपुरकडे पाहिलं. तिने मान हलवली. म्हटलं होतं मी, घसा फोडून.

हितेंद्रकाकांनी माझ्या हातातून पुस्तक अगदी मायेने काढून घेतलं. "मार्चपर्यंत कोणीतरी तपासून ठेवायला पाहिजे," म्हणाले, आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

आता मी गॅलरीत भूगोल पाठ करते आणि काका खाली बसून वाचतात. तिसऱ्या पुस्तकावर आलेत. एकेक गोष्ट संपली की मान वर करून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात मला तिचा शेवट सांगतात. कानात बोटं घालायची नाहीत असं आजोबांनी काही मागितलं नव्हतं, म्हणून मी घालते.