उतरता दर

परदेशी नोटा बदलून देणाऱ्या दुकानदारानं काचेवरचा सकाळचा आकडा ओल्या फडक्यानं पुसला आणि त्याजागी नवा लिहिला. रांगेतून एक दबका सुस्कारा उमटला. आपलं चलन दोन दिवसांत तिसऱ्यांदा घसरलं होतं.

रांगेत सर्वांत पुढे उभे असलेले गृहस्थ मध्यवर्ती बँकेतून निवृत्त झाले होते. देशाच्या परकीय गंगाजळीचा हिशेब ठेवण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. मुलानं एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलेल्या परदेशी नोटा त्यांनी खिडकीतून आत सरकवल्या.

"साहेब, तुम्हाला यातलं कळतं," दुकानदार नोटा उजेडात धरून पाहत म्हणाला, "हा दर नेमका ठरतो तरी कशावर?"

"आपण बाहेर काय विकतो, बाहेरून काय आणतो. व्याज किती, महागाई किती, तिजोरीत परकी चलन किती उरलंय." त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "आणि लोकांना उद्याचा भरवसा वाटतो की नाही, यावर."

"मग यातलं आपल्याकडे काय आहे?"

"पावती द्या."

"तुमची तर चंगळ आहे बुवा," मागून कुणीतरी म्हणालं. "दर पडला की तुमच्या हातात जास्तच पडणार."

जास्त पडले खरे. पुडकं खिशात मावेना, म्हणून त्यांनी ते पिशवीत टाकलं. चार दुकानं सोडून औषधवाला होता. बायकोची इंजेक्शनं परदेशातून यायची. औषधवाल्यानं आजच्या दरानं हिशेब केला आणि वर बरेच चढवले.

"पुढचा माल कुठल्या दरानं मिळेल देव जाणे," तो नजर टाळत म्हणाला. "माझाही नाइलाज आहे."

गेल्या महिन्यात तेवढ्याच परदेशी नोटांत चार इंजेक्शनं आली होती. आज तीन आली आणि पिशवी रिकामी झाली.

ते घरात शिरत होते तोच फोन वाजला. मुलगा होता. इथे तो पुलांचे आराखडे करायचा, तिकडे सहा वर्षं एका हॉटेलात भांडी घासत होता.

"बाबा, मी परत येऊ का?"

त्यांनी मागचं दार लोटून घेतलं.

"जुन्या ऑफिसात जागा आहे म्हणतात. इथे जीव रमत नाही. तुम्हीच म्हणता ना, आपलं शिक्षण आपल्या माणसांच्या उपयोगी पडलं पाहिजे."

दर फोनला ते हेच म्हणत आले होते. त्यांनी इंजेक्शनांची खोकी टेबलावर एकावर एक रचली, मग पुन्हा वेगळी केली. जुन्या ऑफिसातल्या अख्ख्या महिन्याच्या पगारात त्यातलं एकही आलं नसतं.

"इतक्यात नको," ते म्हणाले. "थोडं थांब. आईचं बरं आहे."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत राहिला.

"बरं. ठेवतो मग. जेवणाची सुट्टी संपली."

आतल्या खोलीत बायको उशीला टेकून बसली होती. अंगावर धुतलेली साडी होती, केस विंचरलेले होते. इतक्या दिवसांत ती आज पहिल्यांदाच स्वतःहून उठली होती.

"त्याचाच होता ना फोन?"

"हो. मजेत आहे."

"येऊ का म्हणून विचारलं?"

ते खुर्चीवर बसले. पायातल्या चपला काढायच्या राहून गेल्या होत्या.

"इतक्यात नको म्हणालो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं पाठीमागची उशी ओढून काढली आणि हळूहळू आडवी झाली.

"घाबरत होता विचारायला," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मीच म्हटलं, बाबांना विचार. ते काही नाही म्हणायचे नाहीत."