हलक्या बादल्या

तिला सगळे भुसाताई म्हणत, आणि माघारी नव्हे, अगदी तोंडावर. तिचे धाकटे दीर शहरातल्या लोकांना डोंगरावर तंबूत राहायला न्यायचे. वर वीज नाही, नळ नाही, गटार नाही. अशा जागी वीस-पंचवीस माणसांनी सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न दिरांच्या जाहिरातीत कुठेच नसायचा. तो भुसाताईकडे असायचा.

पहिल्या संध्याकाळी ती सगळ्यांना गोल बसवून सांगायची. ते दोन उंच तंबू म्हणजे संडास. आत बैठक लावलेली बादली आहे. लघवी त्यात नाही, त्याला पलीकडे वेगळा आडोसा. उरकलं की डबाभर भुसा टाकायचा, झाकण लावायचं, बाहेर पायाने दाबायचा नळ आहे तिथे साबणाने हात धुवायचे. लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत खिदळायचे. खाण्याबद्दल हीच माणसं तासभर बोलत, पण खाल्लेल्याचं पुढे काय होतं म्हटलं की यांच्या माना वळायच्या. मग हळूच एकेक जण बाजूला येऊन विचारायचा, की ताई, नक्की किती भुसा? ती म्हणायची, एक डबा, आणि लाज वाटली तर दोन.

भुसा ती स्वतः सुताराकडून चाळून आणायची. साध्या लाकडाचाच, कारण प्लायवूडचा भुसा ओल धरत नाही. सहा वर्षं ती हे काम करत होती आणि तिच्या तंबूत कधी माशी घोंघावली नव्हती. घरी मात्र जाऊबाई तिच्या हातून पाण्याचा पेला घेताना अजून विचारायच्या, "हात धुतलेत ना?" त्या घरात सगळ्यांत जास्त वेळा धुतलेले हात तिचेच होते. ज्याने घाण केली तो स्वच्छ आणि जिने उचलली ती घाणेरडी, हा हिशेब तिला कधी उमगला नाही, आणि उमगून घ्यायची तिची इच्छाही नव्हती.

या वर्षी दिरांनी नवीन पठार शोधलं होतं. पठाराच्या खाली पाऊण तासाच्या उतारावर आठ घरांची वस्ती होती. पठारावर फुटणारा एक झरा उतारात झिरपत येऊन वस्तीच्या वरच्या अंगाला पुन्हा बाहेर पडायचा, आणि तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याने त्यावर दगडी टाकी बांधून खाली एक नळ काढून दिला होता. आठ घरांचं पिणं, रांधणं सगळं त्या एका नळावर. दुसरं पाणी नदीचं, आणि नदी तासभर खाली.

गवंडी पठारावर तंबू ठोकू द्यायला तयारच नव्हता. दिरांनी त्याला पर्यटन, विकास, गावाचं नाव असं बरंच काही ऐकवलं. तो विडी विझवून उठायला लागला तेव्हा भुसाताई पुढे झाली. म्हणाली, वर जे होईल ते सगळं बादल्यांतून खाली येईल, आमच्या गाडीतल्या पिंपात जाईल आणि तिथून शहराच्या मैला प्रक्रिया केंद्रात. वर चिमूटभर राहणार नाही, हा माझा शब्द. गवंड्याने दिरांकडे पाहिलंही नाही. "तुझ्यावर सोडतो," एवढंच तिला म्हणाला.

चार गटांपर्यंत शब्द पाळला गेला. शेवटच्या दिवशी आठ झाकणबंद बादल्या एकेका काठीला एकेक अशा अडकवायच्या, दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची, दमलं की पुढच्या जोडीने धरायचं. लोक नाकं मुरडायचे, पण आणायचे. एक निवृत्त शिक्षक तर खाली आल्यावर म्हणाले होते, की साठ वर्षांत पहिल्यांदा आपलं ओझं आपण वाहिलं.

पाचवा गट एका कार्यालयाचा होता. चोवीस माणसं. त्यांचे मोठे साहेब, त्यांच्या मागेमागे हो-हो करणारे बाकीचे, आणि एक बाई, जिचं नाव भुसाताईने मनातल्या मनात निसर्गमॅडम ठेवलं होतं. या मॅडम सकाळी सगळ्यांना झाडांना मिठ्या मारायला लावायच्या. कुणी गवताचं पातं तोडलं तरी "त्याला दुखतं" म्हणून दटावायच्या. भुसा टाकायला मात्र दोन्ही दिवस विसरल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुसऱ्या संध्याकाळी साहेबांनी दिरांना बाजूला घेतलं. भुसाताईच्या कानावर अर्धंमुर्धं आलं. आम्ही विश्रांतीला आलोय, हमाली करायला नाही, असं काहीतरी साहेब म्हणत होते, आणि दीर हात चोळत हसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी तिला सांगितलं, "वहिनी, तुम्ही पुढे होऊन गाडीचं बघा. बादल्यांचं मी बघतो." सहा वर्षांत या माणसाने बादलीकडे कधी पाहिलं नव्हतं. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तिचे गुडघे दुखत होते, सकाळचं ऊन कोवळं होतं, आणि कुणीतरी एकदा तरी आपलं काम वाटून घेतंय या कल्पनेने ती भोळीभाबडी सुखावली. ती खाली उतरली.

गट वस्तीत आला तो गाणी म्हणत. गाडी टाकीच्या समोरच्या मोकळ्या जागेत उभी होती, आणि नळाखाली गवंड्याची सून हंडा लावून उभी होती. पुढची जोडी बादली काठीला अडकवून झुलवत झुलवत येत होती. झुलवत! भरलेली बादली कुणी झुलवत नाही, हे भुसाताईइतकं जगात कुणाला ठाऊक नसेल. तिने पुढे होऊन कडी धरली आणि तिचा हात झटक्याने वर आला, इतकी ती हलकी होती.

तिने झाकण उघडलं. आतून लख्ख. नुसती रिकामी नाही, विसळून आणलेली.

"हे कुठे टाकलंत?" तिने विचारलं.

बाकीचे गाडीकडे सरकले. निसर्गमॅडमना मात्र सांगितल्यावाचून राहवलं नाही. त्या म्हणाल्या, प्लास्टिकच्या पिंपात भरून शहरात कशाला न्यायचं, मातीचं होतं ते मातीला परत दिलं. सगळ्यांनी मिळून खड्डा केला. साहेबांनी स्वतः पहिली कुदळ मारली. वर एक रोपसुद्धा लावलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत आठ-दहा जण कुदळी-फावडी घेऊन हसत होते, मध्ये साहेब, आणि त्यांच्या पायाशी हातभर रोप.

"तिथेच का खणलंत?"

"बाकी सगळीकडे कातळ आहे हो, कुदळ उडते नुसती. तेवढीच माती छान मऊ होती. गवतही किती हिरवं होतं तिथे."

भुसाताईने फोटो नीट पाहिला. साहेबांच्या मागे एका बाजूला कललेला मोठा धोंडा होता. तो धोंडा ती ओळखत होती. त्याच्या पलीकडे वीस पावलांवर झऱ्याचा पहिला ओघळ फुटायचा. ऐन उन्हाळ्यात अख्खं पठार करपलेलं असताना एवढाच तुकडा हिरवा का, माती एवढीच मऊ का, हे चोवीस शिकल्यासवरल्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि बादल्या विसळल्या कुठे, हे विचारायची गरजच नव्हती. वर पाणी एकाच ठिकाणी होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर हंडा भरत होता.

दीर तिच्या कानाशी आले. घाम पुसत कुजबुजले, की वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. माती सगळं गाळून घेते. आपण निघून जाऊ, कुणाला काही कळत नाही, उगाच तोंड उघडून पुढचे सगळे गट घालवू नका. आणि हसून साहेबांना म्हणाले, चला, बसून घ्या.

क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणभर, तिने विचार केला. घर याच धंद्यावर चालत होतं. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून तिच्या ताटातला घास दिरांच्या हातून यायचा, हे जाऊबाई तिला विसरू देत नसत. तोंड उघडलं तर ती त्या घरात कुठे उभी राहणार होती?

हंडा काठोकाठ आला. सुनेने तो उचलायला हात घातला.

"ते पाणी ओता," भुसाताई म्हणाली. "गवंडीकाका, टाकी बंद करा. यांनी झऱ्यावर मैला पुरलाय."

आठही घरांतून माणसं बाहेर आली.  गवंडी टाकीशी गेला, वाकला, आणि दोन्ही हातांनी चावी फिरवून त्याने नळ बंद केला. मग त्याने भुसाताईकडे पाहिलं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

साहेब घसा खाकरून पुढे आले. गैरसमज झाला आहे, हेतू चांगला होता, असं म्हणाले. "ठीक आहे, एखादा माणूस पाठवा वर. तो काढून आणेल."

"माणूस कशाला पाठवायचा?" भुसाताई म्हणाली. "चोवीस आलेत की."

"हे बघा, हे काम आमचं नाही."

"तुमचंच आहे, साहेब. यापेक्षा जास्त तुमचं या जगात दुसरं काही नाही."

वस्तीतलं कुणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते ताडताड गाडीकडे गेले आणि दारात थबकले, कारण ड्रायव्हर खाली उतरला होता. तो गेले दोन दिवस याच वस्तीत जेवला होता, याच नळाचं पाणी प्याला होता. त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली, टायरला पाठ टेकून बसला आणि टोपी डोळ्यांवर ओढली. दिरांनी त्याला दमात घेतलं, मग गयावया केली. टोपी हलली नाही.

तेव्हा सगळे वर गेले. ऊन आता चांगलंच चटकत होतं. जाताना गाणी नव्हती. वाटेत निसर्गमॅडमनी एकदा म्हणून पाहिलं की आपण भावनेच्या भरात बोलतो आहोत, मूळ विचार योग्यच होता. भुसाताई वळून त्यांना म्हणाली, की मॅडम, गवताला दुखतं ते तुम्हाला कळतं, मग खाली जी माणसं पाणी पितात ती तुम्हाला गवताहून कमी वाटली का? मॅडमनी खाली पाहिलं. 

वर पोचल्यावर भुसाताईने आधी रोप उपटून बाजूला ठेवलं आणि फावडं साहेबांच्या हातात दिलं. रुमाल तोंडाला बांधून, माना फिरवून, ओकाऱ्या काढत ते खणत राहिले. ती प्रत्येकाला सांगत होती, खालची वीतभर मातीसुद्धा काढा, कडेची खरवडा, भुसा दिसेल तो सगळा घ्या. दीर आडोशाला उभे होते. तिने त्यांनाही हाक मारून बादली धरायला लावली. सहाव्या बादलीनंतर साहेबांचं फावडं चिखलात रुतलं. ते ओढलं तेव्हा खड्ड्याच्या तळाशी पाणी आलं. भुरकट, भुशाच्या कणांसकट, आणि खालच्या बाजूला सरकणारं.

सगळे बघत राहिले. आता त्यांना कळलं. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "पण विचारायचं म्हणजे बोलायला लागतं ना त्याबद्दल."

आठ बादल्या भरून खाली आल्या, मातीमुळे दुप्पट जड. या वेळी कुणी झुलवल्या नाहीत. पिंप भरलं, हात धुतले गेले ते गाडीतल्या कॅनच्या पाण्याने. ड्रायव्हर उठला आणि त्याने किल्ली लावली. लोक भराभर आत शिरून खिडक्यांपाशी बसले. झालेली गोष्ट निस्तरली, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसायला लागलं होतं.

गवंडी म्हणत होता, की तपासणीवाले येऊन हो म्हणेपर्यंत टाकी उघडायची नाही. महिना लागेल, दोन लागतील. तोवर नदीचं आणायचं, उकळायचं, प्यायचं. त्याची सून चुंबळ डोक्यावर ठेवून, एक हंडा त्यावर आणि एक कमरेला घेऊन निघालीसुद्धा होती. भुसाताई धावत गेली आणि तिच्या कमरेचा हंडा धरला.

सुनेने तो सोडला नाही. रागावलीही नाही. "राहू द्या, ताई," ती म्हणाली. "आज तुम्ही आणाल. उद्या कोण आणणार?"

 शब्द भुसाताईने दिला होता. दिरांनी नाही, साहेबांनी नाही. चोवीस माणसं आणि एक दीर आपापलं उरकून घरी निघाले होते, आणि निस्तरायला पुन्हा एक बाईच डोक्यावर भांडं घेऊन चालली होती.

ती गाडीकडे परतली. दिरांना वाटलं बसायला आली. तिने टपावरची आपली पिशवी ओढून खाली घेतली.

"वहिनी, हे काय? बसा आत."

"ही टाकी उघडली की बसेन."

"अहो, दादाला काय सांगू मी घरी?"

"खरं सांगा," भुसाताई म्हणाली. "कधी सांगितलं नाहीत, पण जमेल."

पिशवी गवंड्याच्या ओट्यावर ठेवून ती उतरणीला लागली. सून पहिल्या वळणाशी पोचली होती. भुसाताईने मागून जाऊन पुन्हा हंड्याला हात घातला, आणि या वेळी सुनेने तो सोडला.