डाव्या कोपऱ्यातली घरघर

मी बास गिटारचा स्पीकर बोलतोय. बास म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जिच्याकडे रॉकच्या कार्यक्रमात कोणी बघत नाही. तिचा खर्ज माझ्या तोंडून बाहेर पडतो. एवढी मोठी पेटी कशाला घाबरेल, असं लोकांना वाटतं. मी घाबरतो. माझा पडदा कागदाचा आहे, आणि कागद फाटतो.

चोळपुरमच्या एका सुताराने वीणेसाठी आणलेल्या फणसाच्या लाकडातून उरलेल्या फळ्यांची माझी पेटी केली. घेतली हरिप्रसादने. कुंभकोणमात त्याचं पितळी समयांचं दुकान. घरात पूर्वजांनी आणलेली जुनी मराठी, दुकानात तमिळ, आणि बावीस वर्षं दर रविवारी बँडमध्ये बास.

या बावीस वर्षांचा मला राग आहे. कार्यक्रमाच्या शेवटी विघ्नेश, आमचा गायक, सगळ्यांची ओळख करून देतो. ड्रमवरच्या मधुमिताला नाव, कीबोर्डवाल्याला नाव, मग 'बासवर आमचे अण्णा'. अण्णांना आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं? एकदा पेपरात फोटो आला. त्यात तिघे जण आणि कडेला बासची नुसती मान.

खरा घात मात्र माईकसेटवाल्या महालिंगने केला. तीस वर्षं तो देवळांच्या उत्सवांत माईक लावतो. तिथल्या जुन्या वायरींतून सतत एक घरघर येते, आणि ती मारणं हेच त्याचं कसब. माझ्या तोंडासमोरच्या माईकमधून खर्ज आला, की त्याला तीच घरघर वाटते आणि त्याचा हात आपोआप माझं बटण बंद करतो. सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांतून हरिप्रसाद कधी ऐकूच आला नाही. भिडस्त माणूस, कधी भांडला नाही.

गेल्या महिन्यात विघ्नेश दुकानात आला. यापुढे बास लॅपटॉपवरून वाजवू, सामान कमी होईल, असं हळूहळू म्हणाला. "ऐकू तरी कुठे येतं, अण्णा?"

हरिप्रसादने हातातली समई पुसून जागेवर ठेवली. "आडुतुरैच्या रस्त्यावरच्या कल्याण मंडपातला, त्या लग्नाच्या हॉलातला, कार्यक्रम मी वाजवतो, मग काय ते ठरव," एवढंच म्हणाला.

माझ्या कागदाला कडेने चीर गेली होती. हरिप्रसादच्या बायकोने, नागलक्ष्मीने, खळ लावून मलमलीची पट्टी चिकटवली.

"हा डोसा नव्हे, फाटला तर दुसरा घालायला," ती म्हणाली. "हळूच वाजवा हो."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पहिल्यांदाच हरिप्रसाद महालिंगशी बोलायला गेला. माझं बटण बंद करू नका, अशी विनवणी केली. महालिंगने पान चघळत त्याच्याकडे पाहिलं. "तीस वर्षं देव माझ्या माईकवर गातायत. घरघर कुठली आणि गाणं कुठलं, हे मला समयांचा दुकानदार शिकवणार?"

पहिल्याच गाण्याला त्याने मला बंद केलं. हरिप्रसादने ते पाहिलं, मागे वळला आणि माझा आवाज शेवटपर्यंत वाढवला. मी हादरलो. पट्टी ताणली जात होती, चीर तसूतसूने सरकत होती. पण त्याची बोटं अशी चालली होती, की थांबावंसं मला वाटेना. लाउडस्पीकरांच्या मदतीशिवाय मी पुढच्या रांगांपर्यंत पोचलो. खुर्च्यांवरची मंडळी उठून नाचू लागली. कशामुळे, हे त्यांनाही कळलं नसावं.

तिसऱ्या गाण्यात मी फाटलो.

कापड टरकावं तसा एक आवाज झाला, मग काहीच नाही. मधुमिताचा ठेका घसरला. विघ्नेशचा सूर लटकला, त्याने वळून बघितलं. नाचणारे एकेक करून खाली बसले. महालिंग कावराबावरा होऊन एकामागून एक बटणं चाचपत होता. शेवटी त्याने माझं बटण उघडलं, पूर्ण उघडलं. माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

गाणं कसंबसं संपल्यावर तो स्टेजच्या कडेला आला.

"अण्णा, ती घरघर कुठे गेली?" त्याने विचारलं. "ती परत आणा."

हरिप्रसादने गिटार खाली ठेवली. "तीच मी वाजवत होतो," तो म्हणाला.

महालिंगने तोंडातलं पान थुंकून टाकलं आणि दोन्ही हात जोडले. विघ्नेश जवळच उभा होता. तो माईकची वायर सरळ करत राहिला. लॅपटॉपचा विषय त्याने तेव्हाही काढला नाही आणि नंतरही नाही.

आज मी दुकानाच्या मागच्या खोलीत पालथा पडलोय. या मापाचा कागद आता येत नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलंय. हरिप्रसाद रोज येऊन माझ्यावरची धूळ पुसतो, माझ्याजवळ बसून मुकी बास वाजवतो. दारात पावलं वाजली, की विघ्नेश आला असं वाटून आम्ही दोघेही दचकतो.

तुम्ही कुठेही गाणं ऐकायला गेलात, तर एका गाण्यापुरती गायकावरची नजर काढा. खालचा सूर कोण धरून ठेवतोय ते शोधा, आणि सापडला की त्याला जाऊन सांगा. जरा लवकर सांगा. लॅपटॉप की अण्णा, हे विघ्नेशचं अजून ठरलेलं नाही.