तसे विचार

बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. ते बोटांनी फिरवत राहायचं, असं कागदात कुठेही नव्हतं. ते तिनं पदरचं घातलेलं. कागदात एवढंच: बाई, वय पन्नास, झोप नाही, जेवण कमी, घरात कुणाशी बोलणं नाही. आणि तळाशी, जाड अक्षरांत – मरणाचे विचार येतात. कुणी स्पष्ट विचारलं तरच सांगावं.

नाटकातली कामं कमी झाल्यापासून ती मनोविकार विभागातल्या या खोलीत, विद्यार्थ्यांच्या सरावासाठी, खोटी पेशंट व्हायला येत होती. पाठांतर थोडं, प्रेक्षक जवळ. एकेकटा विद्यार्थी यायचा, आणि परीक्षेच्या धाकानं का होईना, तो प्रश्न हमखास विचारायचा. आज मात्र शिकवणाऱ्या मॅडमनी तिघांना एकत्र बसवलं होतं – एक मेडिकलचा, एक नर्सिंगची, एक सोशल वर्कचा – पुढे वॉर्डात एकमेकांच्या सोबतीनंच काम करायचंय, तर आतापासून सवय लागू दे म्हणून. मेडिकलच्यानं झोपेचं विचारलं, पहाटे जाग कधी येते तेसुद्धा. नर्सिंगच्या मुलीनं जेवणाचं. सोशल वर्कच्यानं घरात कोण कोण, कुणाचं कुणाशी पटतं. छान विचारलं. मधूनच "तुम्ही विचारा ना", "छे छे, आधी तुम्ही", असं दारात अडलेल्या पाहुण्यांसारखं चाललेलं... ती वाट पाहत होती. आता विचारतील... आता. तिला गंमत वाटत होती, आणि गमतीच्या खाली कुठेतरी बारीकसा राग – अरे, मी इथे बसलेय ना!

वेळ संपली.

"मरणाचं कुणी विचारलं?" मॅडम म्हणाल्या.

"मला वाटलं, सिस्टर विचारतील," मेडिकलचा म्हणाला. "काकू त्यांच्याशी मोकळं बोलत होत्या."

"मी कशी विचारणार? ते डॉक्टरांचं ना!"

"मी तर दोघांच्या मध्ये तोंडच उघडायला घाबरत होतो," सोशल वर्कचा पुटपुटला.

"वा! म्हणजे तिघांनी मिळून बाईंना वाऱ्यावर सोडलं."

तिघं ओशाळून हसली. तीही हसली, आणि हसता हसता थांबली... थोरल्या बहिणीचं, अक्काचं औषध भाऊ आणतो. डबा वहिनी पाठवते. फोन मी करते. कामं कशी चोख वाटलेली! अक्का खोलीचा पडदा उघडत नाही, बोलता बोलता मध्येच गप्प होते, हे सगळ्यांना माहीत. भाऊ म्हणतो, डॉक्टर बघतायत ना. वहिनी म्हणते, वन्सं, त्या तुमच्याशीच बोलतात. आणि मी म्हणते, नसतं काहीतरी कशाला तिच्या डोक्यात घालायचं...

"आता एकेकानं आपापल्या शब्दांत विचारा," मॅडम म्हणाल्या. "बाई, तुम्ही उत्तर शेवटी द्या."

"आत्महत्येचे विचार आहेत का?" मेडिकलच्यानं पेन उघडून विचारलं – चष्म्याचा नंबर विचारावा तसं.

"तुम्हाला... म्हणजे कधी... तसे काही विचार..." सोशल वर्कचा अडखळला.

"तसे म्हणजे कसे?" तिनं साळसूदपणे विचारलं. त्याचे कान लाल झाले.

नर्सिंगच्या मुलीनं खुर्ची पुढे ओढली. "काकू, मरून जावंसं वाटतं का हो तुम्हाला?" आणि ती गप्प बसली. नुसती बसून राहिली.

"वाटतं," ती म्हणाली.

उत्तर कागदातलंच होतं. पण ते देताना तिचे खांदे खाली आले, आणि हे तिनं केलेलं नव्हतं. इतकी वर्षं अंगाकडून काय काय करवून घेतलेली ती, तिला याचं मोठं नवल वाटलं. हे खांदे कुणाचे? कागदावरच्या बाईचे? खऱ्या बाईचंही असंच होत असेल?

"मॅडम, विचारल्यानं ते विचार उलट वाढत नाहीत?" सामान आवरताना तिनं विचारलं.

"नाही हो. सगळ्यांना तीच भीती असते. आम्हालाही होती."

बाहेर जिन्याजवळ उभं राहून तिनं फोन लावला.

"काय चिमे, आज कुठला आजार?" अक्का रोज हेच विचारायची.

"झोप न येण्याचा."

"मग मला न्यायचं की! फुकटात केलं असतं."

अशा वेळी ती हसायची आणि लगेच औषधाकडे वळायची – घेतलंस का, किती उरलंय, भाऊ आला होता का. आज ती हसली नाही. जिन्यावरून कुणीतरी चाकाची खुर्ची एकेक पायरी उतरवत होतं; तो ठक्-ठक् आवाज संपेपर्यंत ती थांबली. मेडिकलच्याचं वाक्य तिनं तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं, फार कडक. 'तसे विचार' तर नकोच. मुलीचं वाक्य... त्यातलं काकू काढून अक्का घातलं, 'तुम्हाला'चं 'तुला' केलं. बसत होतं. छातीत धडधड होती, पण रंगमंचावरच्या प्रवेशाआधीची धडधड ती ओळखून होती आणि ही ती नव्हती. तिथे समोरच्याचं उत्तर आधीच पाठ असतं.

"अगं, आहेस ना?" अक्का म्हणाली.

"आहे," ती म्हणाली. भिंतीला पाठ टेकून तिनं फोन कानाशी घट्ट धरला. अक्का काय म्हणेल, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं – आणि ते ऐकायचंच होतं.